हक्काचा वाटा : राजर्षी शाहू महाराज

२६ जून आला की गावोगाव राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार चढतात. आमच्या शिरोळ तालुक्यातही चढतात. शाळेत, पंचायतीत, बुद्धविहारात भाषणे होतात. महाराज फार दयाळू होते, गोरगरिबांचे कैवारी होते, त्यांनी दलितांना सढळ हाताने दिले, असे वक्ते सांगतात. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. त्या टाळ्या वाजत असताना माझ्या मनात एक शंका उभी राहते. देणारा दयाळू होता असे म्हटले की घेणारा आपोआप याचक ठरतो. मग तुमचे-माझे आजे-पणजे याचक होते काय? महाराजांनी जे दिले ते स्वतःच्या पदरचे दिले, की ज्याचे त्याला, मध्येच कोणी अडवून ठेवलेले, परत दिले?

हा प्रश्न शब्दांचा खेळ नाही. आजही सवलत घेणाऱ्या मुलाकडे वर्गातले सोबती कोणत्या नजरेने पाहतात, हे तुम्ही जाणता. ती नजर बदलायची असेल तर आधी आपली स्वतःची समजूत स्वच्छ हवी. आणखी एक गोष्ट आरंभीच सांगतो. शाहू महाराज बौद्ध नव्हते. तरीही धम्माच्या पाक्षिकात त्यांचे चरित्र का, याचे उत्तर या लेखाच्या शेवटी तुम्हाला मिळेल. प्रथम त्यांचे जीवन पाहू.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या देखरेखीखाली अहमदनगरच्या किल्ल्यात १८८३ साली वारले. त्यांच्यामागे गादीला वारस नव्हता. १७ मार्च १८८४ रोजी यशवंतराव दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. आई आधीच गेली होती, दोन वर्षांनी वडीलही गेले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

कारभार हाती घेताच त्यांना काय दिसले? संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकाऱ्यांच्या जागा होत्या. त्यांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण, अधिकारी होते. उरलेल्या ११ जागांत बाकीचे सारे करवीर राज्य! कारकुनांची स्थिती याहून वाईट. आता तुम्ही विचार करा, या अधिकाऱ्यांचा पगार कोठून येत होता? संस्थानचा खजिना भरत होता तो मुख्यतः शेतसाऱ्यावर. शिरोळच्या काळ्या रानात जो कुणबी राबत होता, जैन-लिंगायत शेतकरी राबत होता, ज्या महार-मांगाची पाठ चावडीच्या कामाने वाकली होती, त्यांच्या घामाचा पैसा कोल्हापुरी जात होता. पैसा साऱ्यांचा, पण त्या पैशातून जी खुर्ची उभी राही तिच्यावर बसण्याचा अधिकार मूठभरांचा. वाटणीतील अन्याय म्हणतात तो हाच. चोरी कोठे दिसत नाही, दरोडा कोणी घालत नाही, सारे कायद्याने चालते आणि तरीही एकाच्या ताटातले रोज दुसऱ्याच्या ताटात पडत राहते.

राज्य हाती येऊन दोन वर्षे होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. पाठोपाठ प्लेगची साथ आली. तरुण राजा गावोगाव फिरला. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली, तगाई दिली. वाड्यात बसून जे कागदावर वाचले असते ते त्यांनी रानात उभे राहून पाहिले. पाऊस सगळ्यांवर सारखाच रुसतो, परंतु उपासमार सगळ्यांच्या दारी सारखी येत नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही, हाती नोकरी नाही, त्याच्या दारी ती आधी येते.

मग ते वेदोक्त प्रकरण घडले. १८९९ च्या सुमारास कार्तिकस्नानासाठी महाराज पंचगंगेवर जात असत. त्यांचा पुरोहित आंघोळही न करता, वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे लक्षात आणून देण्यात आले. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले ते असे की, महाराज शूद्र असल्याने त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही. ज्याच्या पदरी आपण वतन खातो त्या छत्रपतीला पुरोहिताने शूद्र म्हणावे! महाराजांनी राजोपाध्यांचे इनाम जप्त केले आणि हे प्रकरण पुढे कित्येक वर्षे गाजत राहिले.

येथे आपण प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. वेदोक्ताचा तो आग्रह क्षत्रियत्वाचा होता. चातुर्वर्ण्याची शिडी मोडण्याची भाषा त्यात नव्हती, त्या शिडीवरची आपली पायरी मागण्याची होती. पुष्कळ राजे तेथेच थांबले असते. आपला मान मिळाला, संपले. शाहू महाराजांचे मोठेपण असे की ते थांबले नाहीत. जी जातिव्यवस्था सिंहासनावर बसलेल्या राजाचा असा अपमान करू शकते, ती झोपडीतल्या माणसाचे काय करत असेल, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. त्याचे फळ १९०२ साली दिसले.

त्या वर्षी महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. तेथूनच हुकूम निघाला आणि २६ जुलै १९०२ रोजी तो करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांच्या लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. मागासलेले म्हणजे कोण, हेही त्यात स्पष्ट होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सारे. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण शेकडा ५० हून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्या वर्गातूनच करायची होती. आणि शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. या हुकुमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सरकारकडे पाठवायचे.

वाचकहो, हे तिमाही पत्रक विसरू नका. दयेचे पत्रक नसते, हिशेबाचे असते. भिकाऱ्याच्या झोळीत किती पडले हे कोणी दर तीन महिन्यांनी मोजत नाही. भागीदाराला मात्र हिशेब द्यावा लागतो. खातेप्रमुखाने मागासलेल्यांच्या नेमणुका मोजून कळवायच्या, असा नियम ज्या दिवशी झाला, त्या दिवशी करवीरची रयत राज्याची भागीदार झाली. हुकुमाचा परिणामही दिसला. १९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या जागा वाढून ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते.

यावर ओरड झाली. लायकीचा प्रश्न आला, तो आजही येतो. त्या काळची एक गोष्ट सांगतात. सांगलीचे एक वकील महाराजांकडे आले आणि जात पाहून सवलत देणे योग्य नाही, असे म्हणू लागले. महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. सगळ्या घोड्यांचे हरभरे एकाच ठिकाणी ओतायला सांगितले. धट्टीकट्टी जनावरे पुढे घुसली, लाथा झाडून त्यांनी सारे फस्त केले. लंगडी, आजारी आणि शिंगरे लांब उभी राहिली. मग महाराजांनी वकिलांना विचारले की आता यांना वेगळे खायला घालू नको काय?

गोष्ट चांगली आहे, वर्गात सांगितली की मुलांना लगेच समजते. तरी तिच्यात एक उणीव आहे असे मला वाटते. त्या गोष्टीतले हरभरे महाराजांचे आहेत. घोड्यांनी ते पिकवलेले नाहीत. म्हणून गोष्ट ऐकणाऱ्याला शेवटी धन्याची दयाच आठवते. राज्याचा हरभरा मात्र रयतेने पिकवलेला असतो. दुबळा म्हणून बाजूला उभा राहिला त्यानेच तो पेरला, खुरपला आणि मळला. शिवाय तो जन्माने दुबळा नव्हता, पिढ्यान्पिढ्या त्याचा चारा तोडून त्याला दुबळा केला गेला. मग वेगळे खायला घालणे हा उपकार कसा? ती तर थकबाकीची फेड होय.

नोकरीत जागा राखल्या तरी त्या जागेवर बसणारा शिकलेला माणूस हवा. तो कोठून आणायचा? कोल्हापुरात राहून शिकणे खेड्यातल्या पोराला परवडणारे नव्हते. महाराजांनी प्रथम सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. प्रत्यक्षात तेथे पुढारलेलेच राहिले. तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, त्याच वर्षी जैनांचे. १९०६ मध्ये मुसलमानांचे, १९०७ मध्ये लिंगायतांचे. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. पुढे सारस्वत, शिंपी, ख्रिस्ती असे करत करत कोल्हापूर वसतिगृहांचे गाव झाले. जातवार वसतिगृहांनी जात पक्की होते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्याला आधार नव्हता असे नाही. परंतु ज्याला छप्परच नाही त्याला सामाईक छपराची वाट पाहत पावसात उभे करणे हा कोठला न्याय?

वरच्या शिक्षणाचा पाया प्राथमिक शाळेत असतो. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे. ब्रिटिश मुलखात नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडून पाहिले आणि ते फेटाळले गेले. जे कलकत्त्याच्या बड्या सरकारला झेपले नाही, ते करवीरसारख्या लहान संस्थानाने करायला घेतले. पुढे १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्याच शाळांत घ्यावे असा हुकूम झाला. वेगळी शाळा हाही वाटाच होता, पण तो उष्टा वाटा होता. एका फळ्यासमोर, एका छपराखाली बसण्याचा वाटा त्या हुकुमाने दिला.

मी शिक्षक आहे. रोज सकाळी हजेरीपट उघडतो आणि नावे वाचतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे हजेरी या शब्दाला करवीर संस्थानात दोन अर्थ होते, हे वाचनात आले तेव्हा मी बराच वेळ थांबलो. एक शाळेची हजेरी. दुसरी चावडीची. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गुन्हेगार समजून चावडीवर हजेरीला बोलावत. गुन्हा कोणता? जन्म! १९१८ साली महाराजांनी ही चावडीची हजेरी बंद केली. वर्षाच्या आत एक हजेरी सुरू झाली आणि दुसरी संपली. बापाचे नाव चावडीच्या वहीतून निघाले आणि मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढले. राज्य कोणते नाव कोणत्या वहीत लिहिते, यावरून त्याचा न्याय ओळखावा.

आता जमिनीकडे वळू, कारण खेड्यात जमीन हाच मानाचा आणि पोटाचा पाया. महारवतन म्हणजे काय हे नव्या पिढीला ठाऊक नाही. गावकी आणि सरकारचे काम करण्याबद्दल महारांना थोडी जमीन आणि बलुते मिळे. वरवर पाहता ही कमाई. खरे तर तो गळफास होता. जमीन साऱ्या भावकीची मिळून. घरे वाढली की वाटणीला चतकोर येई. काम मात्र कमी होत नसे. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, टपाल पोचवायचे, साहेबाचे सामान वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. घरातला कर्ता पुरुष नसेल तर दुसऱ्या कोणी जायचे. जमीन सोडावी तर भाकरी जाते, धरावी तर गुलामी सुटत नाही.

१९१८ साली महाराजांनी करवीर संस्थानात महारवतने खालसा केली आणि त्या जमिनी महारांच्या नावे रयतावा करून दिल्या. वतनदार नोकर होता तो खातेदार रयत झाला. त्याच वर्षी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचे धोरण त्यांनी अमलात आणले आणि अस्पृश्य तरुणांनाही तलाठी केले. याचा अर्थ ध्यानात घ्या. खेड्यातली खरी सत्ता दप्तराची. कोणाच्या नावे किती जमीन, कोणाची बाकी किती, हे ज्याच्या लेखणीत, त्याच्या हाती गाव. ती लेखणी ज्याला शिवण्याची बंदी होती त्याच्याच हाती दिली गेली. १९२० मध्ये वेठबिगार बंद करण्याचा हुकूम निघाला. माणसाचे श्रम हेही धन आहे. ते फुकट घेणे म्हणजे लूट. तिला हुकमाने आळा घातला.

या हुकुमांचे मोल शिरोळच्या माणसाला नकाशा पाहून कळेल. शिरोळ करवीर संस्थानात होते. जवळचे कुरुंदवाड, जे आज आपल्याच तालुक्यात आहे, ते तेव्हा पटवर्धनांचे वेगळे संस्थान होते. करवीरचा हुकूम तेथे चालत नसे. दोन गावांचे सोयरसंबंध एक, नदी एक, दुःख एक, पण हक्क वेगळे. आणि ब्रिटिश मुलखात? तेथे महारवतन सुधारण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात मांडले. ते तडीस जाऊ दिले गेले नाही. ही वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. करवीरमध्ये जे १९१८ ला झाले त्याला इतरत्र चाळीस वर्षे लागली. या चाळीस वर्षांत किती आयुष्ये चावडीच्या पायरीवर झिजली असतील!

महाराजांनी संपत्ती वाढवण्याचेही काम केले, कारण वाटायला आधी काही असावे लागते. कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली, १९०६ मध्ये कापडाची गिरणी काढली. आपल्या तालुक्यातले जयसिंगपूर त्यांनीच आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावे वसवले. राधानगरीला भोगावतीवर मोठे धरण हाती घेतले. त्यांच्या हयातीत ते पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. ते पाणी पंचगंगेतून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आज शिरोळचे ऊसमळे हिरवे दिसतात त्यात त्या दूरदृष्टीचा भाग आहे. परंतु एक कडू सत्यही सांगितले पाहिजे. नदीचे पाणी जमिनीला मिळते. ज्याच्या नावे जमीन नाही त्याच्या वाट्याला त्या पाण्यातून उसाची तोड आणि मोळीचे ओझे येते. म्हणून महाराजांनी जमिनीचा हुकूम काढला त्याचे महत्त्व धरणाइतकेच मानावे लागते.

गंगाराम कांबळे यांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. महाराजांच्या पागेत ते नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्याला शासन केले आणि गंगाराम यांना कोल्हापुरात चहाचे दुकान घालून दिले. दुकान निघाले, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पिऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. मग लोकांची भीड चेपली. भांडवल दिले तरी जात गिऱ्हाईक मारते, हे त्यांनी ओळखले होते. पैसा आणि मान्यता, दोन्ही दिल्यावाचून वाटा पुरा होत नाही.

बाबासाहेबांशी त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांना जणू आपल्या कामाचा पुढचा धनी सापडला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे मूकनायक निघाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते, आज शेजारच्या हातकणंगले तालुक्यात आहे. आप्पासाहेब पाटील यांनी तिची सिद्धता केली होती. अध्यक्ष होते तरुण बॅरिस्टरीचा अभ्यास अर्ध्यावर ठेवून आलेले प्राध्यापक आंबेडकर. छत्रपती स्वतः तेथे आले आणि त्यांनी अस्पृश्य बांधवांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी आंबेडकरांच्या रूपाने लाभला आहे, तोच तुमच्या बेड्या तोडील. राजा सहसा प्रजेला आपल्यामागे चालायला सांगतो. या राजाने, आता माझ्याकडे पाहू नका, तुमच्यातल्याच माणसामागे चाला, असे सांगितले. पुढारीपणाचाही वाटा त्यांनी ज्याचा त्याला दिला. त्या परिषदेने महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करण्याचा ठराव केला. मे-जूनमध्ये नागपूरच्या परिषदेचे अध्यक्ष महाराज होते. जुलैत बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. त्यालाही महाराजांचा हातभार होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस. बाबासाहेब तेव्हा सातासमुद्रापलीकडे होते.

येथे राजाच्या हुकुमाची मर्यादा उघडी पडते. हुकूम राजाच्या इच्छेवर उभा असतो. राजा चांगला तर हुकूम चांगला. दुसरा राजा आला, त्याचे मन दुसरे असले, तर काय? रयत कोठे दाद मागणार? महाराजांनी १९२० मध्ये ब्राह्मण पुरोहितशाहीला पर्याय म्हणून क्षात्र जगद्गुरूचे पीठ निर्माण केले. पुरोहित बदलला, पण घर तेच राहिले. महाराजांच्या मनात समता होती, ती टिकवणारी चौकट मात्र त्यांच्या हाती नव्हती.

आता आरंभी दिलेल्या वचनाकडे वळतो. तथागतांच्या उपदेशात राज्याच्या वाटणीचा विचार आहे, आणि तो फार स्पष्ट आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा येते. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्या-दरोडे माजलेले असतात. त्याला सल्ला मिळतो की चोरांना मारून, बांधून चोरी संपणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, राजसेवा करणाऱ्याला योग्य वेतन दे. मग लोक दारे उघडी टाकून निर्भयपणे राहतील. त्याच निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. चोरी सुरू होते तेव्हा प्रथम तो पकडलेल्या एकेका चोराला थोडे धन देऊ लागतो, तर त्याने चोरी आणखीच वाढते. केवढी खोल दृष्टी! एकेकट्याला दिलेली भीक समाज सुधारत नाही. प्रत्येकाच्या हाती उपजीविकेचे साधन जावे अशी व्यवस्था लागते.

शिरोळच्या रयतेला दिलेली जमीन, गंगारामांना दिलेले भांडवल, मागासलेल्यांना दिलेली नोकरी, या तिन्ही गोष्टी कूटदन्त सुत्ताशी ताडून पाहा. महाराजांनी ते सुत्त वाचले होते असे मी म्हणत नाही. न्यायाने विचार करणारा माणूस चालत चालत धम्माच्या जवळ येतो, इतकेच म्हणतो.

जी चौकट महाराजांजवळ नव्हती ती बाबासाहेबांनी उभी केली. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १६ उघडा, मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याची तरतूद दिसेल. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी केली. अनुच्छेद ४५ ने मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे ध्येय ठेवले, आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१क येऊन तो मूलभूत हक्क झाला. १९०२, १९१७, १९१९, १९२० चे करवीरचे हुकूम येथे नागरिकाचे हक्क झालेले आहेत. आता राजाची मर्जी लागत नाही. आणि शिरोळ-कुरुंदवाडची ती सीमाही उरली नाही.

पण सगळा वाटा हक्क झाला असे समजू नका. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हितासाठी व्हावी, हे अनुच्छेद ३९ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. बाबासाहेबांची १९४७ च्या निवेदनातील मागणी याहून पुढची होती. शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात न पाहता कसणाऱ्यांना द्यावी, आणि ते संविधानातच लिहावे, असे त्यांनी सुचवले होते. ते झाले नाही. म्हणून आज आपल्याकडे मताचा वाटा आहे, शाळेचा आहे, नोकरीचा काही अंशी आहे. जमिनीचा आणि पाण्याचा वाटा अजून उसाच्या फडात हरवलेला आहे.

धर्मांतराच्या वेळीही हा प्रश्न आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण बुद्धाला शरण गेलो. त्यानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळेनात. १९९० साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा त्या मिळाल्या. चौतीस वर्षे कित्येकांपुढे पेच होता की खरा धर्म कागदावर लिहावा की पोरांचे शिक्षण वाचवावे. सवलत ही दया असती तर देणाऱ्याने अट घातली म्हणून कुरकुर करता आली नसती. ती हक्काची होती, म्हणूनच आपण मागितली आणि मिळवली.

वाचकहो, पुढच्या २६ जूनला हार जरूर घाला. त्यानंतर एक काम करा. आपल्या गावच्या शाळेत, पंचायतीत, साखर कारखान्यात, बँकेत, कचेरीत जा आणि विचारा की राखीव जागा किती, भरल्या किती, रिकाम्या किती आणि का. कंत्राटी माणसे घेतली तर ती कोठून घेतली तेही विचारा. आज माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, सरकारी कचेरीला लेखी उत्तर द्यावे लागते. महाराज दर तीन महिन्यांनी खातेप्रमुखांकडून जे पत्रक मागत होते, तेच पत्रक आता तुम्ही मागायचे आहे. विचारताना मान खाली घालू नका. आपण मागायला आलेलो नाही, मोजायला आलो आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!